शिकवणाऱ्याचे शिकणे : नृत्यशिक्षक आणि परवडणारे प्रशिक्षण



ह्या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना संयोजकांनी विषय माझ्यावर सोपविला होता. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतकाव्यावर किंवा आपल्या परिसराला जवळच्या असलेल्या सोहिरोबानाथांवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी नृत्यशिक्षकांच्या प्रशिक्षणावर बोलणार आहे हे कळल्यावर काही मित्रांनी थोड्या आश्चर्याने विचारले की, तुमचा आणि नृत्याचा संबंध काय? संबंध आहे. 'अभिनय' हा शब्द आम्ही साहित्यशास्त्राच्या वर्गात शिकवितो. त्याचा देह मात्र नृत्याच्या वर्गात घडतो. शिवाय ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आहे. शिक्षकाचे स्मरण करायचे तर शिक्षकाच्याच एखाद्या अडचणीचा विचार करावा, हे मला अधिक उचित वाटते.

प्रश्न कोणाचा आहे?

पेडणे आणि डिचोली ह्या दोन्ही तालुक्यांत आज अशी शाळा शोधावी लागेल की जिच्या स्नेहसंमेलनात नृत्य नाही. देवळाच्या सभामंडपात, एखाद्या घराच्या पडवीत, संध्याकाळी शाळेच्याच रिकाम्या वर्गात कथक किंवा भरतनाट्यम् शिकविले जाते. शिकविणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत. त्यांतल्या काहींशी मी मुद्दाम जाऊन बोललो. दोन-तीन शाळांत तासिकांवर काम, संध्याकाळी स्वतःचे वर्ग, आणि डिसेंबर आला की एकाच वेळी चार संमेलनांची तयारी, असा त्यांचा दिनक्रम असतो. त्या कष्टाळू आहेत, मुलांवर त्यांचा जीव आहे. मात्र 'आपण स्वतः शेवटचे केव्हा शिकलात?' असे विचारले की बहुतेकींचे उत्तर एखाद्या परीक्षेच्या वर्षापाशी येऊन थांबते. त्यानंतर दहा-पंधरा वर्षे शिकविणे चालू आहे; शिकणे थांबले आहे.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? नृत्यशिक्षकाच्या बाबतीत ही म्हण जरा वेगळ्या रीतीने लावावी लागते. आड कोरडा नसतो. पण त्याचा उपसा रोज होतो आणि झरा मोकळा करायला कोणी उतरत नाही. झरे मोकळे करण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा आजचा प्रश्न आहे.

गोमंतकात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गाण्याची परंपरा येथे घराघरांतून अखंड चालत आली. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ह्यांची नावे भारतभर आदराने घेतली गेली. नृत्याचे भाग्य तसे नव्हते. देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांत गायनाबरोबर नृत्यही होते; पण समाजाने त्या कलेचा उपभोग घेतला आणि कलावंतिणीला मान दिला नाही. पुढे त्या घराण्यांतील स्त्रियांनी स्वतःच्या कर्तृत्वाने गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, परंतु नृत्याची साखळी तुटली ती तुटलीच. म्हणून आजची आपली नृत्यशिक्षिका बहुधा तिच्या घरातली पहिली नर्तकी असते. चुकले तर सांगणारी आजी तिच्या घरात नसते. व्यवसायबंधूंचा आधार तिला इतरांपेक्षा अधिक लागतो तो ह्यामुळे.

कालिदासाने ठेवलेला प्रश्न

नृत्यशिक्षकाची परीक्षा कशी करावी हा प्रश्न आपल्या वाङ्मयात नवा नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाची सुरुवातच दोन नाट्याचार्यांच्या भांडणाने होते. गणदास मोठा की हरदत्त, असा वाद राजसभेत येतो. निवाडा करण्यासाठी परिव्राजिका कौशिकीला बसविले जाते. ती त्या दोघांना नाचायला सांगत नाही. त्यांनी आपापली शिष्या पुढे आणावी, असे ती सुचविते. तिचे म्हणणे असे की, एखाद्याची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, दुसऱ्याची ती इतरांत उतरविण्यात उत्तम असते, आणि दोन्ही गोष्टी ज्याला साधल्या तो शिक्षकांत पहिला.

ह्या एका भेदात आजच्या सगळ्या शिक्षक-प्रशिक्षणाचे सार आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्या भागात परिचित आहेत. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतची ती पायरी अनेकींनी मोठ्या जिद्दीने चढली आहे. त्या परीक्षांचे मोल मोठेच आहे. त्या प्रामुख्याने कौशिकीने सांगितलेल्या पहिल्या गुणाची कसोटी घेतात. दुसरा गुण, म्हणजे आपली विद्या आठ वर्षांच्या चंचल मुलीत, तेरा वर्षांच्या संकोची मुलात, चाळीस मुलांच्या वर्गात कशी उतरवावी, तो निराळ्या अभ्यासाने येतो आणि तो अभ्यास एकदा करून संपत नाही. त्याच नाटकात गणदासाच्या तोंडी आणखी एक बोचरा विचार आहे. ज्याची विद्या केवळ उपजीविकेपुरती उरली, त्याला तो विद्येचा व्यापारी म्हणतो. हा आरोप आपल्या शिक्षिकांवर करण्याचा अधिकार समाजाला तेव्हाच असेल, जेव्हा उपजीविका सांभाळून शिकण्याची वाट समाजाने त्यांना करून दिलेली असेल.

फुकट शिक्षणाचा हिशेब

परवडणारे प्रशिक्षण म्हटले की आपल्या मनात पहिला विचार येतो तो फुकट प्रशिक्षणाचा. त्याचा एक मोठा प्रयोग मराठी माणसानेच केला आहे. कुरुंदवाडला जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. संगीत सर्वसामान्यांच्या घरी न्यायचे तर नुसते गवई पुरणार नाहीत, संगीतशिक्षक लागतील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी 'उपदेशक वर्ग' काढला. ह्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याचा भार विद्यालय उचलत असे. विद्यार्थ्यांनी ठराविक वर्षे शिकायचे आणि शिकता शिकता शिकवायचेही, असा करार असे. शिक्षक घडविण्याची ही व्यवस्था शंभर वर्षांनंतरही आदर्श वाटावी अशी आहे. पंडित ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर अशी शिष्यमंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विद्यार्थ्याला फुकट मिळणाऱ्या ह्या विद्येचा खर्च पंडितजी आपल्या जलशांच्या उत्पन्नातून आणि कर्जातून भागवीत. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय काढले, पुढे त्यासाठी इमारत बांधली. आणि ती इमारत अखेर कर्जापायी लिलावात गेली. १९३१ मध्ये पंडितजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन मंडळाची स्थापना केली, आणि एका माणसाच्या खांद्यावरचा भार अनेकांच्या खांद्यांवर गेला. एकट्याच्या त्यागावर उभे राहिलेले विद्यालय कोलमडले; वाटून घेतलेले काम आजही देशभर चालू आहे. खर्च नाहीसा होत नसतो, तो कोणाच्या तरी पदरात पडतो. म्हणून 'परवडणारे' ह्या शब्दाचा माझा अर्थ 'स्वस्त' असा नाही. ज्याचा भार योग्य प्रमाणात वाटला गेला आहे ते परवडणारे.

नेमके काय परवडत नाही?

आता आपल्या शिक्षिकेच्या बाजूने पाहू. पणजीत एखादी तीन दिवसांची कार्यशाळा आहे असे समजा. शुल्क एक वेळ माफ झाले तरी हळर्णहून म्हापसा, तेथे गाडी बदलून पणजी आणि तसेच परत, असा प्रवास तीन दिवस करावा लागेल. तासिकांवर काम करणाऱ्या शिक्षिकेचे त्या तीन दिवसांचे वेतन बुडेल. संध्याकाळचे वर्ग बंद राहतील आणि एखाद-दुसरा पालक कुरकुर करील. घरी लहान मूल असले किंवा कोणी आजारी असले, तर त्यांची सोय पाहावी लागेल. शुल्क हा ह्या खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे. बुडालेला दिवस हा सर्वांत मोठा. जानेवारी २०२३ पासून आपल्या शेजारी मोपाला विमाने उतरू लागली. जगाचे अंतर कमी झाले. हळर्णच्या नृत्यशिक्षिकेचे पणजीपासूनचे अंतर मात्र दुपारच्या बसवरच अवलंबून आहे.

ह्याहून न दिसणारा आणखी एक खर्च आहे. वर्षानुवर्षे 'टीचर' म्हणून वावरलेल्या व्यक्तीला पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसायचे असते. आपले चुकते हे परक्या लोकांत कळले तर वर्गाची प्रतिष्ठा जाईल, अशी भीती मनात असते. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिची उपजीविका त्या प्रतिष्ठेवरच चालते. तेव्हा प्रशिक्षण जवळ हवे, सुटीच्या दिवशी हवे आणि बरोबरीच्या माणसांत हवे.

जे उपलब्ध आहे ते

शासनाने आणि संस्थांनी काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७० मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीत कथक आणि भरतनाट्यम् ह्यांचे रीतसर शिक्षण मिळते. साखळीला रवींद्र भवन आहे. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे ज्याला 'सीसीआरटी' म्हणतात त्याची, स्थापना १९७९ मधली. शाळांतील सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी ते केंद्र निवासी वर्ग घेते. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात गोव्याचा समावेश आहे, आणि गुरुशिष्य परंपरेच्या योजनेखाली अशा केंद्रांमार्फत लोककलांच्या गुरूंना व शिष्यांना मानधन देण्याची सोय आहे. डॉ. किरण सेठ ह्यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली 'स्पिक मॅके' चळवळ नामवंत कलाकारांना विद्यार्थ्यांपुढे विनामूल्य आणते. संगणकावर 'ई-पीजी पाठशाला' ह्या शासकीय संचात प्रयोगकलांचे पदव्युत्तर पाठ कोणालाही फुकट वाचता येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे.

ही यादी समाधान देणारी आहे; मात्र तिच्यातील फटीही पाहिल्या पाहिजेत. शाळेच्या सेवेतील शिक्षकासाठी असलेली सोय घरी वर्ग चालविणाऱ्या किंवा तासिकांवर राबणाऱ्या शिक्षिकेपर्यंत सहसा पोहोचत नाही. संगणकावरील पाठ इंग्रजीत आहेत आणि त्यांत मुलाचा पाय वाकडा पडतो आहे हे पाहणारा डोळा नाही. नामवंतांचा कार्यक्रम प्रेरणा देतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्गात काय करावे हे सांगण्याचे ते ठिकाण नव्हे. ह्या सगळ्या सोयी बाहेरच्या वर्तुळात आहेत. त्यांचा उपयोग व्हायचा असेल तर आत एक लहान वर्तुळ गावातच हवे.

दहा रविवार

माझी सूचना साधी आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील आठ-दहा नृत्यशिक्षकांनी महिन्यातून एका रविवारी, एका शाळेत पाच तास एकत्र यावे. जूनपासून मार्चपर्यंत असे दहा रविवार झाले की बरोबर ५० तास भरतात. राष्ट्रीय धोरणाने मागितलेले तास गावातच होतात. जागा शाळेने द्यावी, जेवणाचा डबा प्रत्येकाने आपला आणावा. दहा जणांनी दर बैठकीला दोनशे रुपये काढले तर वर्षाला वीस हजार जमतात. त्यांतून तीन-चार वेळा बाहेरच्या जाणकारांना सन्मानाने बोलावता येईल. उरलेले सहा-सात रविवार एकमेकांकडून शिकायचे.

ह्या रविवारी करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली गोष्ट शरीराची. जुन्या काळी नाच झाला तो सारवलेल्या जमिनीवर. त्या जमिनीला थोडी लवचीकता असते. आज आपली मुले सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर तत्काराचा सराव करतात, आणि प्रत्येक आघात टाचेतून गुडघ्यापर्यंत जातो. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची नाजूक जागा असते. त्या वयात टाच किंवा गुडघा सतत दुखत असेल तर तो आळस समजून दामटू नये. भरतनाट्यम्‌च्या अर्धमंडलात पाय बाहेर वळतो तो खुब्यातून वळला पाहिजे. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे. नुसती पावले बाहेर फिरवून तो आकार आणला तर पीळ गुडघ्याला बसतो. अंग तापवूनच सुरुवात करणे, सराव हळूहळू वाढविणे, कडक जमिनीवर उड्या व आघात मोजून घेणे, दुखऱ्या मुलाला बसून हस्तमुद्रा आणि पढंत करायला लावणे, ह्या गोष्टींना पैसा लागत नाही. जवळच्या डॉक्टरांनी किंवा भौतिकोपचार-तज्ज्ञाने एक सकाळ दिली तरी त्या समजून घेता येतील. एका मुलीचा गुडघा वाचला तर त्या सकाळचे मोल कशाने करणार?

दुसरी गोष्ट भाषेची, आणि येथे मी माझ्या विषयाची थोडी वकिली करणार आहे. आपली मुले कथकात ब्रज भाषेतील ठुमरीवर आणि भरतनाट्यम्‌मध्ये तेलुगू किंवा तमिळ पदावर भाव दाखवितात. शब्दाचा अर्थ कळला नाही की चेहऱ्यावर पाठ केलेले हसू येते. ह्याला उपाय शाळेतच आहे. मराठीच्या आणि हिंदीच्या शिक्षकांनी पदाचा अन्वय, नायिकेची अवस्था, त्यातील सूचितार्थ एवढे उलगडून दिले तर अभिनय बदलतो. शिवाय भरतनाट्यम् आणि मराठी ह्यांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) ह्यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. आजच्या भरतनाट्यम्‌ची मांडणी घडविणाऱ्यांत त्यांचे स्थान पहिले मानतात. त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी रचना झाल्या. आचार्य पार्वतीकुमारांनी त्या मराठी निरूपणांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. आपल्या मुलीने आपल्या भाषेतील पदावर भरतनाट्यम् करणे ही परंपरेशी तडजोड ठरत नाही. तोही परंपरेचाच एक विसरलेला धागा आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा परिचय मराठी वाचकाला गोदावरी केतकरांनी फार पूर्वी करून दिला. असे ग्रंथ शाळेच्या ग्रंथालयात आणून त्यांतले एकेक प्रकरण रविवारी मोठ्याने वाचावे.

तिसरी गोष्ट मांडाची. पौषातल्या चांदण्यात वाड्यावरच्या स्त्रिया मांडावर धालो खेळतात. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला विळखा, ओवीच्या लयीवर वाकणे आणि सरकणे. श्रावण-भाद्रपदात फुगडी असते, फाल्गुनात शिगम्याचे मेळ आणि घोडेमोडणी. दशावतारी नाटकातला दशावतारी नट पखवाजाच्या साथीने रंगमंचावर पाऊल टाकतो, त्यातही पदन्यासाचे एक शास्त्र आहे. हे सारे आपल्या दाराशी आहे, आणि आपण मात्र त्याला 'लोकनृत्याचा आयटम' एवढीच जागा देतो. मला येथे गुरूची जागा द्यायची आहे ती मांडावरच्या वृद्ध स्त्रीला. तिने कोणतीही परीक्षा दिलेली नाही, पण चाळीस बायकांना एका लयीत कसे आणावे, नवख्या मुलीला दोन जाणत्यांच्या मध्ये उभे करून न बोलता कसे शिकवावे, हे तिला ठाऊक आहे. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत जे 'सहभागातून शिकणे' म्हणून येते ते तिच्या मांडावर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिला रविवारी बोलवावे, खुर्चीवर बसवावे, इतर पाहुण्यांइतकेच मानधन द्यावे. तिची ओवी लिहून घ्यावी आणि कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव छापावे. एक पथ्य मात्र पाळावे. धालो हा स्त्रियांचा, मांडाच्या मर्यादेतला खेळ आहे. त्यातले काय बाहेर न्यावे आणि काय मांडावरच ठेवावे, हे तिने ठरवावे, आपण नव्हे.

चौथी गोष्ट एकमेकांचा वर्ग पाहण्याची. एका शिक्षिकेने पंधरा मिनिटे प्रत्यक्ष मुलांना शिकवावे, बाकीच्यांनी मागे बसून पाहावे आणि नंतर फक्त दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: मुले केव्हा खुलली आणि केव्हा गोंधळली? शिक्षिकेच्या नाचण्यावर शेरा मारायचा नाही. जे दिसले ते एका सामायिक वहीत लिहावे. पंडित भातखंडे ह्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने. शंका विचारणे हा ज्ञानाचा मार्ग आहे, हे त्यांनी ग्रंथाच्या घडणीतूनच दाखविले. आपली वही तेवढी थोर होणार नाही. पण दहा वर्षांनी शिकवायला उभी राहणारी मुलगी ती वही उघडील तेव्हा तिला आपण एकटे नाही हे कळेल.

घराण्याचा अडसर

ह्यावर एक आक्षेप येईल. नृत्य ही गुरुमुखी विद्या आहे. एका गुरूची शिष्या दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसली तर ती निष्ठा कसली? ह्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. चार ठिकाणचे चार तुकडे गोळा करून शैली घडत नाही, आणि गुरूंविषयीचा आदर ही आपल्या कलांची श्रीमंती आहे. परंतु निष्ठा आणि एकलकोंडेपणा ह्यांत फरक केला पाहिजे. डॉ. रोहिणी भाटे ह्यांनी १९४७ मध्ये पुण्याला 'नृत्यभारती' स्थापन केली. शहरी मध्यमवर्गीय मराठी घरांत कथकाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. स्वतः शिकवू लागल्यानंतरही त्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर ह्यांच्याकडे वर्षानुवर्षे शिकत राहिल्या. संस्कृत ग्रंथांचे वाचन, संशोधन, लेखन चालूच होते. इसाडोरा डंकन ह्या पाश्चात्त्य नर्तकीचे आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणले. एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने घेणे ह्यांत त्यांना विसंगती दिसली नाही. २००८ मध्ये त्या गेल्या. त्यांनी घडविलेल्या शिष्या आज स्वतः गुरू आहेत. शिकणारा शिक्षक लहान होत नाही, ह्याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही.

कोणी काय द्यावे?

आता भार वाटून घेण्याकडे येतो. शिक्षिकेने आपला रविवार द्यावा. तो तिचा सर्वांत मोठा वाटा आहे, हे आधी मान्य करू. शाळेने एक खोली, पंखा, पाणी आणि ग्रंथालयाची किल्ली द्यावी. वर्षातून एक-दोनदा एखाद्या शिक्षिकेला पणजी, पुणे किंवा मुंबईच्या वर्गाला जावे लागले, तर ते दिवस रजेत न धरता कामाचे धरावेत. पालकांनी तेवढे दिवस वर्ग बंद राहिल्याबद्दल फी कापण्याची भाषा करू नये. आपल्या मुलीचीच शिदोरी भरली जात आहे असे समजावे.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, एक मागणे आपल्याजवळ आहे. आपण शाळेला देणग्या देता. त्यांतून पंखे येतात, कपाटे येतात, स्टेजचा पडदा येतो. त्या कपाटांवर देणगीदाराचे नाव रंगविता येते. शिक्षिकेच्या बुडालेल्या दिवसावर कोणाचे नाव रंगविता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी देणगी देत नाही. मी आपल्याला तेच मागतो आहे. वर्षातून एका नृत्यशिक्षिकेचे आठ दिवसांचे बुडणारे वेतन आणि तिचा प्रवासखर्च माजी विद्यार्थी संघाने उचलावा. त्या बदल्यात तिने परत येऊन एक रविवार बाकीच्या नऊ जणांना, आपण काय शिकलो ते शिकवावे. पलुस्करांच्या उपदेशक वर्गाचा करार आपण एवढ्या लहान प्रमाणावर आणि कोणाची इमारत गहाण न टाकता पाळू शकतो.

आमच्या ह्या हळर्णचा किल्ला शापोरा नदीकाठी आहे. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि त्यांच्या व्हाइसरॉयने गावाचे नाव आपल्या किताबात मिरविले. दगडाच्या भिंतींची डागडुजी शासन करू शकते. मांडावरची लय आणि मुलांच्या पायांतली विद्या ह्यांची डागडुजी मात्र गावानेच करायची असते, आणि ती वर्षाला दहा रविवारांत होण्यासारखी आहे. येत्या जूनमधला पहिला रविवार कोणता, हे आज सभा संपण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी आणि येथे उपस्थित असलेल्या नृत्यशिक्षिकांनी आपसात ठरवावे, अशी माझी विनंती आहे. पहिल्या रविवारी पदांचा अर्थ सांगायला माझ्यासारखा म्हातारा प्राध्यापक चालणार असेल, तर मी डबा घेऊन हजर राहीन.